चौकोनी घरांच्या विश्वाचा कर्ता

आपलं विश्व म्हणजे कुणाच्या तरी संगणकावर चाललेलं सिम्युलेशन असेल, तर ते चालवणाऱ्याला देव म्हणायचं का? गप्पांमध्ये हा प्रश्न निघतो आणि बहुतेक वेळा हवेतच विरतो. पण माणसाने लहानसहान विश्वं केव्हाच तयार केली आहेत. त्यांतल्या एका विश्वाचा कर्ता तर आपल्याला नावगावासकट माहीत आहे. त्याला काय साधलं आणि काय साधलं नाही, ते आधी पाहू.

केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ १९७० साली लोकांसमोर आला. पट अमर्याद, त्यावर चौकोनी घरं, प्रत्येक घर जिवंत किंवा मृत. जिवंत घराच्या आठ शेजाऱ्यांपैकी दोन किंवा तीन जिवंत असले तर ते पुढच्या पिढीत टिकतं, एरवी मरतं. मृत घराला नेमके तीन जिवंत शेजारी मिळाले की ते जन्माला येतं. या विश्वाचं सगळं भौतिकशास्त्र एवढंच! सुरुवातीला कॉनवे आणि त्यांचे सहकारी ‘गो’ या खेळाचा पट घेऊन, सोंगट्या मांडून हातानेच पिढ्या पुढे सरकवायचे.

त्यात पाच घरांची एक किरकोळ दिसणारी आकृती होती. तिची घालमेल थांबायला तब्बल ११०३ पिढ्या लागतात. तिचा माग काढताना कॉनवेंचे सहकारी रिचर्ड गाय यांना दिसलं की तिच्यातून सुटलेला एक तुकडा तिरका चालत निघाला आहे. त्याला ‘ग्लायडर’ म्हणतात. तो कुणी आखलेला नव्हता, नियमांतही त्याचा उल्लेख नाही.

याहून बोलका किस्सा पुढचा आहे. मर्यादित घरांची कोणतीही आकृती कायम वाढत राहू शकणार नाही, असा कॉनवेंचा कयास होता. तो सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला त्यांनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं. त्याच वर्षी एमआयटीतल्या बिल गॉस्पर यांच्या गटाने एक ‘बंदूक’ शोधली. ती दर ३० पिढ्यांनी एक नवा ग्लायडर सोडते आणि कधीच थांबत नाही. आपल्याच विश्वाबद्दल कर्त्याचा अंदाज चुकला आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं.

कॉनवे कुठे कमी पडले, असं मात्र नाही. ग्लायडर वापरून या पटावर अख्खा संगणक उभा करता येतो, असं पुढे सिद्ध झालं. दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. तीच मर्यादा इथेही लागू होते: दिलेली आकृती शेवटी नामशेष होईल का, हे सांगणारी हमखास रीत नाही. कर्त्यालाही पिढीमागून पिढी चालवूनच पाहावं लागतं. या क्षणी कुठल्या घरात काय चाललंय ते त्याला दिसतं, पण त्यातून पुढे काय निघेल ते दिसेलच असं नाही. सर्वज्ञ म्हणायला हे पुरतं का? मला तरी नाही वाटत.

सत्तेच्या बाबतीत मात्र पारडं कर्त्याकडे झुकतं. या पटावर कोणताही परिणाम एका पिढीत एका घरापलीकडे पोहोचत नाही. तिथला प्रकाशवेग म्हणा हवं तर. बाहेरच्या माणसाला तो नियम लागू नाही. तो वाटेल ते घर जिवंत करील, आठवडाभर सगळं थांबवून ठेवील, मागची प्रत काढून पुन्हा तिथूनच सुरू करील. आतल्यांना याचा पत्ताही लागणार नाही.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. घडा आहे म्हणजे कुंभार असणारच, तसं जग आहे म्हणजे ईश्वर असणार, असं नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, म्हणणं. सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसा दर्शनाचे पंडित कुमारिल भट्ट यांनी त्यावर बोट ठेवलं: दाखला कुंभाराचा घेतलात, तर निघणारा कर्ताही कुंभारासारखाच नाशवंत निघेल, त्यात ईश्वरपण कुठून येणार? सिम्युलेशनच्या कर्त्याला हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. त्याला वीज लागते, यंत्र लागतं, बहुधा झोपही लागते. कॉनवे एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेले. त्यांचे ग्लायडर जगभरच्या संगणकांवर अजून फिरताहेत.

सिम्युलेशनच्या युक्तिवादाला आजचं रूप देणारे तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनीही २००३ च्या निबंधात असे कर्ते आतल्यांच्या तुलनेत देवासारखे असतील, असं म्हटलं आहे. पण या कर्त्यांना माझ्या मते सगळ्यात अडचणीत टाकणारा मुद्दाही तिथेच आहे. हे कर्ते स्वतःच दुसऱ्या कुणाच्या सिम्युलेशनमध्ये असू शकतात, आणि आपण तसे नाही याची खात्री सगळ्यांत वरच्या पायरीवर बसलेल्यालाही करून घेता येणार नाही. तेव्हा वरच्या कुणाच्या शिक्षेची धास्ती त्यालाही असेल, आणि निदान तेवढ्यासाठी तरी तो आपल्याशी बरा वागेल, अशी शक्यता बोस्ट्रॉम मांडतात.