बॅटरी फुल, तरी इन्व्हर्टर बंद पडतो? आधी मधली वायर बघा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की घरोघरी रंगकाम आणि सामानाची हलवाहलव सुरू होते. ती उरकली की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. "बॅटरी फुल आहे, मीटर लावून बघितलं, साडेबारा व्होल्ट दाखवतंय. पण मिक्सर लावला की इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडतो. बदलून द्या." शहापूर-वडगावातून येतो तसाच हा फोन खानापूर-नंदगडकडूनही येतो. तो इन्व्हर्टर दुकानात आणून आमच्या बॅटरीला जोडला, की तोच मिक्सर व्यवस्थित चालतो.

घरी जाऊन बघितलं की कारण सापडतं. हॉलमध्ये बॅटरी नको म्हणून ती जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत गेलेली असते आणि इन्व्हर्टर जुन्याच जागी भिंतीवर असतो. मधलं अंतर भरायला फिटिंगमधून उरलेली वायर पिळून जोडलेली असते, वर काळी टेप. सगळा घोटाळा त्या वायरीत असतो.

६०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअर घेतो. तेवढेच वॉट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे, तर इन्व्हर्टरमधली तूट धरून ५५ ते ६० अँपिअर ओढावे लागतात. समजा, बॅटरी १० फूट लांब आहे आणि वायर ४ स्क्वेअर एमएमची, तांब्याची आहे. जाऊन-येऊन २० फूट होतात आणि तेवढ्यात दीड व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. बॅटरीवर १२.२ असले तरी इन्व्हर्टरपाशी पोचतात १०.६ च्या आसपास. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या जवळपास आले की 'लो बॅटरी' दाखवून बंद होतात, आणि बॅटरी पार उतरून खराब होऊ नये म्हणून ते तसेच बनवलेले असतात. मिक्सर किंवा फ्रिज सुरू होण्याच्या क्षणी तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, म्हणून दिवे-पंखे चालतात आणि नेमका मिक्सर लावल्यावरच बंद पडतो. वायर हाताला गरम लागत असेल तर लगेच वापर थांबवा. टेप वितळून आग लागू शकते.

आता मीटरचं. काहीही चालू नसताना साडेबारा दाखवले म्हणून बॅटरी चांगली, असं होत नाही. लाईट नसताना (किंवा मेन बंद करून) दोन-तीन पंखे आणि टीव्ही इन्व्हर्टरवर चालू ठेवा. आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग वायर इन्व्हर्टरमध्ये जिथे शिरते तिथे मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर दोष वायरीत किंवा जोडात आहे. फरक नाही, पण बॅटरीवरचाच आकडा बघता बघता ११ च्या खाली येतो, तर बॅटरी एकतर नीट चार्ज होत नाही किंवा तिचं आयुष्य संपत आलंय. फोन करताना हे दोन आकडे सांगितलेत तर आमचा माणूस योग्य सामान घेऊनच निघेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असली तरी हेच होतं. इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद करा, हातातली अंगठी-कडं काढा, आधी निगेटिव्ह वायर सोडवा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसून घ्या, पण ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून बोल्ट घट्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकता कामा नये.

आमची माणसं बॅटरी इन्व्हर्टरच्या शेजारीच ठेवायचा हट्ट धरतात, आणि जाड केबलचे वेगळे पैसे का, असंही विचारलं जातं. वर दिलेला हिशेब हेच त्याचं कारण. आम्ही २५ स्क्वेअर एमएमची केबल वापरतो, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) मशीनने दाबून बसवतो, मध्ये जोड ठेवत नाही. त्याच १० फुटांवर ही केबल पाव व्होल्टच्या आसपासच खाते. तरीही आमचा सल्ला असा की जागा बदलायचीच असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही एकत्र हलवा आणि लांबवायची ती २३० व्होल्टची बाजू लांबवा. तिथे अडीचची साधी वायर पुरते. रंगकामाच्या आधी दुकानात निरोप द्या, आम्ही हलवून जोडून देतो. आमच्या जुन्या ग्राहकांकडून त्यासाठी फक्त मजुरी आणि लागेल तेवढ्या वायरीचे पैसे घेतो.

नवी जागा हवेशीर हवी. देवघराखाली तर मुळीच नको, कारण चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि समई-उदबत्ती जवळ असणं धोक्याचं आहे.

जांबोटी-कणकुंबी भागातल्या ग्राहकांसाठी एक वेगळी गोष्ट. घरात लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहिला, तर मागचं बटण 'यूपीएस' वर आहे का बघा. त्या मोडवर मेनचं व्होल्टेज १८० च्या आसपास खाली आलं की इन्व्हर्टर ते घेत नाही आणि बॅटरी उतरत राहते. कॉम्प्युटर नसेल तर 'नॉर्मल' वर ठेवा. शेजाऱ्यांकडेही व्होल्टेज कमी असेल तर तक्रार हेस्कॉमच्या १९१२ या नंबरवर करावी लागते.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. फिल्टरच्या किंवा आरओच्या पाण्यात क्षार उरतात, ते चालत नाही. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटार इन्व्हर्टरच्या लाईनवर नको. फ्रिज किंवा ग्राइंडर चालवायचाच असेल तर साईन वेव्हचा (मेनसारखाच वीजपुरवठा देणारा), दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या. त्यात बॅटरीच्या वायरीतला करंट निम्म्यावर येतो. जुना सेट बदलून घ्यायचा असेल तर आम्ही जुन्या बॅटरीची किंमत वजा करून देतो.

फोन करण्याआधी बॅटरी, टर्मिनल आणि मधली वायर दिसेल असा एक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. पुष्कळदा आम्ही तेवढ्यावरच उपाय सांगू शकतो, आणि तुमचा व्हिजिटचा खर्च वाचतो.