मैदानावर कलामेळा आणि व्यावसायिकांचे स्टॉल: परवानगी कोणाची, कोणत्या क्रमाने?

भिंतीचित्रांचं प्रात्यक्षिक, तासभर सायबर फसवणुकीवर पोलिसांचं मार्गदर्शन आणि बाजूला छोट्या व्यावसायिकांचे स्टॉल. असा एका दिवसाचा कार्यक्रम घ्यायचा तर कागद बरेच लागतात, पण अडतं ते बहुतेकदा क्रमावर. गणेशोत्सवात अनेक महापालिका एक खिडकी उघडतात. एरवी महाराष्ट्रात प्रत्येक टेबल आपल्यालाच गाठावं लागतं.

पहिला अर्ज जागेचा. महापालिकेचं मैदान असेल तर क्षेत्रीय कार्यालय किंवा मालमत्ता विभाग, सोसायटीची जागा असेल तर कार्यकारिणीचा ठराव, खासगी असेल तर मालकाचं संमतीपत्र. हे हातात नसेल तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच येतो, ‘जागेचं पत्र कुठंय?’ तारीख पक्की व्हायच्या आधी फ्लेक्स छापू नका.

अर्ज कोणीही सज्ञान व्यक्ती स्वतःच्या नावावर करू शकते. नोंदणीकृत संस्था असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर करावा. मात्र जबाबदार माणूस एकच ठेवा आणि त्या दिवशी फोन उचलणाराच ठेवा. नोंदणी नसलेलं मंडळ लोकांकडून वर्गणी गोळा करणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यावसायिकांकडून स्टॉलचं भाडं घेणं वेगळं आणि वर्गणी वेगळी. पावत्याही वेगळ्या ठेवा.

जागेचं पत्र मिळालं की पोलीस ठाणे. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप, तारीख-वेळ, अंदाजे गर्दी, स्वयंसेवकांची यादी लिहा. सोबत आयोजकाचं आधार, जागेची परवानगी, हमीपत्र आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. या नकाशावर खरी मेहनत घ्या: व्यासपीठ, स्टॉलच्या रांगा, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट, जनरेटर, स्पीकरची तोंडं कुठल्या दिशेला, अग्निशमनाची गाडी आत कुठून येईल. रस्त्याचा थोडाही भाग अडणार असेल तर वाहतूक शाखेचं ना-हरकत वेगळं लागतं. मोठा मांडव असेल तर अग्निशमन विभागाचंही.

ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखीच हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, म्हणून शाळेच्या मैदानाचा विचार असेल तर आधी हे विचारून घ्या. दिवसा निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतल्या कमी आकड्याच्या आत हवा. साउंडवाल्याला हे आकडे ठरवतानाच सांगा. मध्यरात्रीपर्यंत सवलत वर्षातून फार तर १५ दिवस, तीही सरकारने जाहीर केलेल्या दिवशी. चित्रपटातली गाणी वाजवणार असाल तर संगीताच्या हक्कांचा परवाना पोलीस परवानगीत येत नाही.

सुरक्षिततेच्या सत्रासाठी ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना बोलवाच. १९३० (सायबर फसवणुकीची तक्रार) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक त्यांच्या तोंडून ऐकले की लोक लक्षात ठेवतात. पण साहेब पाहुणे म्हणून येणार म्हणजे परवानगी मिळाली, असा समज करून घेऊ नका.

भिंत रंगवायची तर मालकाची लेखी संमती घ्या. पुलाचा खांब किंवा सरकारी कंपाउंड असेल तर त्या त्या खात्याची. नाहीतर कौतुकाऐवजी मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, मग चित्र कितीही सुंदर असो.

स्टॉलधारकांकडून ओळखपत्र आणि विकणार त्या वस्तूंची यादी घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर प्रत घ्या. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचं कारण नाही. खाद्यपदार्थांच्या स्टॉलला मात्र सूट देऊ नका. तात्पुरत्या स्टॉललाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

सहसा विसरलं जातं ते कचऱ्याचं पत्र. शंभरहून जास्त लोक जमणार असतील आणि जागा अशा कार्यक्रमांसाठी परवानाधारक नसेल, तर घनकचरा नियमांप्रमाणे किमान तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवावं लागतं. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारीही आयोजकाचीच.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असलेल्या सेवेला ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर प्रथम अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे विचारणा होते ती या पोचेचीच.

कार्यक्रमाच्या दिवशी मूळ कागदांची फाइल व्यासपीठामागे ठेवा. मैदान ताब्यात घेताना आणि परत देताना खड्डे, जाळी, नळ यांचे फोटो काढा. अनामत रकमेतून कापाकापी झाली तर ते दाखवता येतात.