मॅकडोनाल्ड्स, पुश्किन चौक (मॉस्को)

सोव्हिएत संघातील पहिले मॅकडोनाल्ड्स उपाहारगृह. ३१ जानेवारी १९९० रोजी, पूर्वी ‘लिरा’ कॅफे होते त्या जागी ते सुरू झाले. त्याआधी १९८८ मध्ये बेलग्रेड व बुडापेस्ट येथे शाखा निघाल्या होत्या. पण आयता पुरवठादारच नसलेल्या देशात अशी साखळी कशी उभी करायची, याचा धडा म्हणून मॉस्कोचीच शाखा अभ्यासण्यासारखी आहे.

कंपनीच्या कॅनडा शाखेचे प्रमुख जॉर्ज कोहन यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या वेळी सोव्हिएत अधिकाऱ्यांशी बोलणी सुरू केली. करारावर सह्या व्हायला १९८८ उजाडले. परकीय कंपन्यांशी संयुक्त उपक्रम काढण्याची मुभाच मुळी १९८७ मध्ये मिळाली, तीही ४९ टक्के भागभांडवलापर्यंत. उरलेले ५१ टक्के मॉस्को नगर परिषदेकडे राहिले.

सर्वांत अवघड काम कच्च्या मालाचे. ठरलेल्या मापाचा पाव, ठरावीक चरबीचे गोमांस, आइसबर्ग लेट्यूस (कोबीसारखा गड्डा धरणारी सॅलडची पालेभाजी) यांपैकी काहीच बाजारात भरवशाने मिळत नसे. म्हणून उपाहारगृहाआधी मॉस्कोच्या कडेला सोल्न्त्सेवो येथे ‘मॅककॉम्प्लेक्स’ हा कारखाना उभारला गेला. बेकरी, दुग्धशाळा, मांसप्रक्रिया आणि बटाट्याचा विभाग असे सगळे एकाच आवारात. कंपनीच्या इतर देशांतल्या पद्धतीला हे सोडूनच होते. तिथे ही कामे बाहेरचे पुरवठादार करतात.

बटाट्याने विशेष त्रास दिला. स्थानिक बटाटा लहान व गोल, त्याच्या लांब फ्राइज निघत नाहीत. त्यासाठी रसेट बरबँक जातीचे बेणे आणून शेतकऱ्यांकडून लागवड करून घ्यावी लागली. साठवणही जपून करावी लागते: फार थंडीत ठेवल्यास स्टार्चची साखर होते आणि तळताना फ्राइज बाहेरून काळपट पडतात, उबेत ठेवल्यास बटाट्याला कोंब फुटतात.

सुमारे २७ हजार अर्जांतून ६३० कर्मचारी निवडले गेले. आत ७०० आसने, २७ गल्ले. सोव्हिएत दुकानात आधी वस्तू पाहायची, मग गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि ती घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे. इथे मागणी, पैसे आणि पदार्थ एकाच खिडकीवर. पहिल्याच दिवशी ३० हजारांवर गिऱ्हाईक आले, आणि बाहेर रांग असली तरी ती सरकत राहिली, त्याचे श्रेय या व्यवस्थेला द्यायला हवे. बिग मॅक या बर्गरची किंमत ३.७५ रुबल होती. सामान्य पगारदाराला ती रोज परवडणारी नव्हती.

विक्री रुबलमध्येच. रुबल परिवर्तनीय नसल्याने, म्हणजे परकीय चलनात मुक्तपणे बदलता येत नसल्याने, नफा देशाबाहेर नेता येत नसे, तो तिथेच गुंतवावा लागे. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा हिशेबी होता: मॉस्कोच्या मध्यभागी कार्यालयांची इमारत बांधून ती परदेशी कंपन्यांना परकीय चलनात भाड्याने दिली.

पुढे स्थानिक पुरवठादार तयार होत गेले, तसतशी मॅककॉम्प्लेक्समधली कामे त्यांच्याकडे गेली. लेट्यूस पिकवणारी ‘बेलाया दाचा’ ही त्यांतली ठळक कंपनी. गोठवलेल्या फ्राइज मात्र बराच काळ आयातच होत. लिपेत्स्क येथे मोठा कारखाना २०१८ मध्ये निघाला.

आरोग्य नियमांच्या भंगाचे कारण देऊन सरकारी यंत्रणेने ऑगस्ट २०१४ मध्ये पुश्किन चौकातली शाखा काही महिने बंद ठेवली. रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यावरून पाश्चात्त्य देशांनी लादलेले निर्बंध तेव्हा ताजे होते, हे लक्षात घेतलेले बरे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये कंपनीने रशियातील सुमारे ८५० शाखांचे काम थांबवले आणि मे महिन्यात बाहेर पडण्याचे जाहीर केले. व्यवसाय रशियन उद्योजक अलेक्झांडर गोवोर यांनी विकत घेतला. पुढील १५ वर्षांत तो परत घेण्याचा पर्याय कंपनीने राखून ठेवला. १२ जून २०२२ रोजी ‘व्कुस्नो इ तोच्का’ (‘चविष्ट, बस्स’) या नव्या नावाने शाखा पुन्हा उघडू लागल्या. महिन्याभरातच काही शाखांत फ्राइज मिळेनाशा झाल्या: योग्य जातीच्या बटाट्याचे आदल्या वर्षीचे पीक कमी आले होते आणि आयातीची वाटही अडली होती.