कळसूबाई किल्ला नाही, आणि साल्हेर पहिल्या क्रमांकाचं शिखर नाही

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या जाहिरातींत 'कळसूबाई किल्ला' हमखास दिसतो. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये साल्हेर 'राज्यातील सर्वोच्च शिखर' होऊन बसतो. दोन्ही चूक आहेत आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या नोट्समधून तशाच उतरत आल्या आहेत.

कळसूबाई बहुतेकांना ठाऊक आहे. बारी गावातून चढायचं, लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ, नवरात्रात गर्दी. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. 'नगरचं की नाशिकचं' हा वाद मला निरर्थक वाटतो. शिखर हद्दीवरच आहे, एका अंगाला अकोले तालुका आणि दुसऱ्या अंगाला इगतपुरी. साल्हेर तिथून बराच दूर, नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात, गुजरातेतल्या डांगच्या सीमेजवळ.

खरी गल्लत होते ती साल्हेर दोन्ही याद्यांत येतो म्हणून. १५६७ मीटर उंचीमुळे तो किल्ल्यांत पहिला आणि शिखरांत कळसूबाईखालोखाल दुसरा. नुसतं 'सर्वांत उंच' म्हटलं आणि 'किल्ला' हा शब्द गाळला, की साल्हेर थेट कळसूबाईच्या जागी जाऊन बसतो. मग उलटंही होतं: साल्हेर उंच आणि किल्ला, तर त्याहून उंच कळसूबाईही किल्लाच असणार, असं लोक धरून चालतात.

पण उंचीने किल्ला होत नाही. शिबंदी, म्हणजे गडावरचं सैन्य, राहील एवढी सपाटी हवी, बारमाही पाणी हवं आणि वर येणारी वाट अडवता यायला हवी. वाघांब्याकडून साल्हेर चढताना हे सगळं एकामागून एक समोर येतं. आधी साल्हेर आणि त्याचा शेजारी किल्ला सालोटा यांच्यामधली खिंड. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजे. त्यापुढे कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट आणि तिच्या कडेला ओळीने खोदलेल्या गुहा. मग पठार, त्यावर गंगासागर तलाव. परशुरामाच्या मंदिराचा सुळका या पठाराच्याही वर उभा आहे. १५६७ मीटर हा आकडा त्या सुळक्याचा. तलाव, वाड्यांचे अवशेष, म्हणजे जिथे गड नांदला तो भाग, त्याच्या खाली आहे. हे लक्षात आलं की एकच डोंगर शिखर आणि किल्ला दोन्ही कसा, हा प्रश्न उरत नाही.

कळसूबाईच्या माथ्यावर यातलं काय आहे? ना दरवाजा, ना तटबंदी, ना वाड्याचं जोतं. देवळाभोवती जेमतेम माणसं उभी राहतील एवढीच जागा. तिथे शिबंदी ठेवायची कुठे? त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग हे अस्सल किल्ले आहेत, कळसूबाईहून कमी उंच असूनही.

किल्ला म्हणून साल्हेरचा इतिहासही मोठा. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इथे वेढा घालून बसलेल्या मोगली फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. सूर्याजी काकडे याच लढाईत पडले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. 'कळसूबाई कसं राहिलं?' असं तेव्हा विचारलं गेलं. यादी मराठ्यांच्या दुर्गांची होती, डोंगरांची नव्हे.

'सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर' हेही कळसूबाईला लावू नये. सह्याद्री म्हणजे सगळा पश्चिम घाट धरला तर तो मान केरळातल्या अनैमुडीचा, २६९५ मीटर. कळसूबाईच्या नावामागे 'महाराष्ट्रातलं' एवढं लावलं की पुरे.

किल्ला बघायची हौस असेल तर शिड्यांवरच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा बागलाण गाठा. सालोटा त्याच खिंडीतून चढता येतो, तोही सोडू नका.