कॅशेमधल्या पानांची उचलबांगडी

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत लग्नपत्रिका जुळवून देणाऱ्या एखाद्या डीटीपी केंद्रातला, ८ जीबी रॅमचा लिनक्स संगणक घेऊ. मराठी आणि कानडी मजकुराच्या फायली, फोटो, फाँट दिवसभर उघडत-मिटत राहतात. संध्याकाळी ‘फ्री’ ही आज्ञा दिली, तर सगळे प्रोग्रॅम मिळून जेमतेम २ जीबी वापरत असूनही मोकळी मेमरी नगण्य दिसते. ही उरलेली मेमरी पेज कॅशेत असते. डिस्कवरून वाचलेली फाइल कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, ४ केबीच्या पानांच्या रूपात रॅममध्ये राखून ठेवतो, कारण फिरत्या डिस्कवरून तोच मजकूर पुन्हा आणायला काही मिलिसेकंद लागतात आणि रॅममधून तो त्याच्या कितीतरी हजारपट लवकर मिळतो. त्यामुळे पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना, गरज पडल्यास किती मेमरी सोडवता येईल याचा हा अंदाज लिनक्सचा कर्नल २०१४ पासून स्वतःच देतो.

ही सोडवणूक कर्नल शेवटच्या क्षणापर्यंत लांबवत नाही. मोकळी मेमरी एका ठरावीक पातळीखाली गेली की ‘केस्वॉपडी’ नावाचा कर्नलचा धागा, म्हणजे मागे चालणारे एक काम, जागा होतो आणि वरची पातळी गाठेपर्यंत पाने सोडवत राहतो. मागणी त्याच्या वेगापेक्षा वाढली, तर मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून त्याच्याकडून हे काम करून घेतले जाते. ऐन घाईत संगणक अडखळतो, त्याचे हे एक कारण असते.

खरी मेख कोणते पान काढायचे यात आहे. पारंपरिक पद्धतीत पानांच्या दोन याद्या असतात, सक्रिय आणि निष्क्रिय. नवे पान निष्क्रिय यादीत येते आणि पुन्हा वापरले गेले तरच सक्रिय यादीत बढती मिळवते. रात्रीचा बॅकअप हजारो फायली एकेकदाच वाचतो. त्यांची पाने निष्क्रिय यादीतूनच बाहेर पडतात आणि रोज लागणारे फाँट बऱ्याच अंशी शाबूत राहतात. शिवाय काढलेल्या पानाच्या जागी कर्नल एक छोटी खूण ठेवतो. ते पान लगेच परत मागितले गेले, तर आपण घाई केली हे त्या खुणेवरून त्याला कळते आणि पान थेट सक्रिय यादीत जाते. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत चतुर युक्ती वाटते.

डिस्कवरच्या प्रतीशी जुळणारे पान नुसते टाकून देता येते. पत्रिकेत नुकताच बदललेला मुहूर्त ज्या पानात आहे, ते मात्र आधी डिस्कवर लिहावेच लागते, आणि हेच काम खर्चिक असते.

फायलींची नावे आणि त्यांच्या नोंदी, म्हणजे डेंट्री आणि आयनोड, यांचे प्रकरण अधिक चिवट आहे. एकाच पानात अशा अनेक नोंदी दाटीवाटीने बसतात आणि त्यांतली एक जरी वापरात असली, तरी अख्खे पान अडकून राहते. लाखो बारीक फायली असलेल्या सर्व्हरवर बऱ्याच नोंदी पुसूनही मेमरी अपेक्षेइतकी सुटत नाही, ती यामुळेच.

कॅशे एका झटक्यात रिकामी करणारी ‘ड्रॉप कॅशेस’ची आज्ञा दर तासाला चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात, चाचणीखेरीज तिचा उपयोग करू नये, असे माझे मत आहे. डिस्कवर अजून न लिहिलेली पाने तिने सुटत नाहीतच, आणि जी सुटतात त्यांत पुढच्याच मिनिटाला लागणारे फाँटही असतात.