मत फिरलं, की वारं फिरलं?

९ एप्रिल १९७०. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत गर्भपात कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर मतदान संपत आलं होतं. दीडशेच्या सभागृहात ७६ मतं हवी होती आणि विधेयक थोडक्यात पडणार हे दिसत होतं. निकाल जाहीर होण्याआधी जॉर्ज मायकल्स नावाचे डेमोक्रॅट आमदार उठले. ऑबर्न या छोट्या गावाकडचे, कॅथलिक बहुसंख्य असलेल्या मतदारसंघातून निवडून आलेले, स्वतः ज्यू. काही मिनिटांपूर्वीच त्यांनी विरोधात मत दिलं होतं. आता माइक हातात धरून, थरथरत्या आवाजात ते म्हणाले की आपलं राजकीय आयुष्य इथे संपतंय हे मला कळतंय, पण माझ्या एका मताने हे विधेयक पडावं हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही. त्यांनी मत बदललं आणि खुर्चीत बसून डोकं हातात धरलं. सभापती पेरी ड्युरिया यांनी ७६वं मत टाकलं. दोन दिवसांत गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांची सही झाली.

मायकल्स यांचं भाकीत खरं ठरलं. पक्षाच्या स्थानिक समितीने हात वर केले, प्राथमिक निवडणुकीत ते हरले आणि राजकारणातून उठले ते उठलेच.

अमेरिकेत गर्भपाताच्या प्रश्नावर ज्यांनी टोपी फिरवली त्यांची यादी लांबलचक आहे. रेगन, थोरले बुश, टेड केनेडी, जेसी जॅक्सन, अल गोर, रॉम्नी, बायडेन, ट्रम्प. प्रत्येकाच्या वेळी एकच वाद होतो: हा माणूस मनापासून बदलला, की मतांसाठी? मायकल्सना हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्या पराभवातच होतं. आणखी एक गोष्ट. मनातून ते आधीपासूनच सुधारणेच्या बाजूचे होते. पहिलं विरोधी मत मतदारसंघाच्या दबावाखाली दिलेलं होतं. म्हणजे ज्याला आपण ‘पलटी’ म्हणतो, ती त्यांच्या बाबतीत स्वतःच्या मताकडे परत येणं होतं.

आज रिपब्लिकन म्हणजे गर्भपातविरोधी, ‘प्रो-लाइफ’ आणि डेमोक्रॅट म्हणजे स्त्रीच्या निवडीच्या बाजूचे, ‘प्रो-चॉइस’, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की ते पूर्वापार असावं असं वाटतं. तसं मुळीच नव्हतं. वर आलेले रॉकफेलर आणि ड्युरिया दोघेही रिपब्लिकन. १९७२च्या गॅलप पाहणीत ‘हा निर्णय बाई आणि तिच्या डॉक्टरचा असावा’ या म्हणण्याला ६८ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता आणि ५९ टक्के डेमोक्रॅटांचा. होय, आकडे उलटे छापलेले नाहीत. विरोध मुख्यतः कॅथलिक चर्चचा होता आणि कॅथलिक मतदार परंपरेने डेमोक्रॅट. आज ज्यांचा या प्रश्नावर सगळ्यात कर्कश आवाज आहे त्या सदर्न बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १९७१ साली सेंट लुइसच्या अधिवेशनात बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला वाव द्यावा, असा ठराव केला होता.

जानेवारी १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन अशा बहुमताने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिलं. निकाल लिहिणारे हॅरी ब्लॅकमन हे निक्सन यांनी नेमलेले न्यायाधीश. आणि याच निक्सन यांनी निकालाच्या आठ महिने आधी, कॅथलिक मतांवर डोळा ठेवून, न्यूयॉर्कचा कायदा रद्द करायला निघालेल्यांच्या पाठीशी उभं राहत न्यूयॉर्कचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल कुक यांना पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास त्यांच्याच पक्षाचे रॉकफेलर ती रद्द करण्याची तजवीज नकाराधिकार वापरून हाणून पाडत होते.

पुढच्या दहा वर्षांत दोन्ही पक्षांची चाळण झाली. १९८० साली रिपब्लिकन जाहीरनाम्याने गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला. तिकडे पक्षाचा उमेदवार वरिष्ठ ठरवत नाहीत, मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात, आणि त्या मतदानाला जे हटकून येतात ते कट्टर असतात. त्यामुळे ज्याला राष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं पडतात त्याला या एका प्रश्नावर ‘बरोबर’ मत असणं सक्तीचं झालं.

मराठी वाचकाला हे जरा परकं वाटेल. आपल्याकडे १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९६६मध्ये तिचा अहवाल आला आणि १९७१मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. त्यावरून पक्ष फुटले नाहीत, निवडणुका लढल्या गेल्या नाहीत. चर्चा लोकसंख्येची आणि चोरून होणाऱ्या गर्भपातांत दगावणाऱ्या बायकांची होती. नंतर लिंगनिदानाचा प्रश्न आला तेव्हा रान उठलं, पण तेही वेगळ्या कारणाने. आपल्या पुढाऱ्यांना आयाराम-गयाराम होण्यासाठी इतर विषय पुरले.

अमेरिकेत मात्र चाळणीतून जाताना प्रत्येकाला आपापली गोष्ट रचावी लागली. रेगन यांनी १९६७मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. नवीन गव्हर्नर, सही करावी की नाही याबद्दल बरेच घालमेलीत. आईच्या मानसिक आरोग्याचं कलम त्यात होतं आणि त्या कलमाच्या आधाराने कायदेशीर गर्भपातांची संख्या शेकड्यांवरून लाखाच्या घरात गेली. रेगन म्हणाले, ही माझी चूक झाली. राष्ट्राध्यक्ष असताना, १९८३मध्ये, त्यांनी या विषयावर सविस्तर निबंधही लिहिला. त्यांच्या उपरतीवर फारसं कुणी शंका घेत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ती उपरती कायद्याचे परिणाम पाहून झाली होती आणि त्यांच्या बाकीच्या विचारांशी जुळणारी होती.

थोरल्या बुश यांचं तसं नाही. त्यांचे वडील प्रेस्कॉट १९५०मध्ये सिनेटची निवडणूक हजारभर मतांनी हरले, आणि कुटुंबनियोजनाच्या चळवळीशी त्यांचं नाव ऐन मतदानाच्या तोंडावर जोडलं गेलं हे त्याचं एक कारण मानलं जातं. घरातली ही जखम असूनही जॉर्ज बुश ह्यूस्टनचे खासदार म्हणून संततिनियमनाचे इतके खंदे पुरस्कर्ते होते की सहकाऱ्यांनी त्यांना ‘रबर्स’ असं टोपणनाव ठेवलं होतं. आपल्या भाषेत ‘निरोधवाले’. १९८०च्या उन्हाळ्यात रेगन यांनी उपाध्यक्षपद देऊ केलं आणि बुशसाहेबांनी पक्षाचा जाहीरनामा जसाच्या तसा डोक्यावर घेतला. इतकं झटपट मतांतर आपल्याकडे फक्त मंत्रिमंडळ विस्ताराच्या आदल्या रात्री होतं.

दुसऱ्या बाजूला हेच, फक्त उलट्या दिशेने. टेड केनेडी यांनी १९७१मध्ये एका मतदाराला लिहिलेल्या पत्रात गर्भातल्या जिवालाही हक्क आहेत असं म्हटलं होतं. पुढे तेच गर्भपाताच्या हक्काचे सिनेटमधले खांब झाले. कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन १९७७मध्ये गर्भपातविरोधी चळवळीच्या नियतकालिकात कडक भाषेत लिहीत होते. १९८४मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभे राहिले तोवर भाषा बदलली होती. टेनेसीचे खासदार अल गोर यांनी १९८४मध्ये गर्भधारणेपासूनच ‘व्यक्ती’ मानण्याच्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं होतं. २०००च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी बिल ब्रॅडली यांनी ते बाहेर काढलं, तेव्हा गोर यांची अडचण मत बदलल्याची नव्हती. आपण बदललोच नाही असं ते आधी सांगत आले होते, ही होती.

या सगळ्यांत एक साम्य आहे. गर्भ, मातृत्व, श्रद्धा असल्या खोल गोष्टींवर माणसं खरोखर मत बदलतात. पण खरं मतांतर दोन्ही दिशांना व्हायला हवं. राष्ट्राध्यक्षपदाकडे निघालेला एकही रिपब्लिकन विचार करता करता प्रो-चॉइस झाला नाही, आणि एकही डेमोक्रॅट प्रो-लाइफ. उतार जिकडे तिकडेच पाणी गेलं.

सगळ्यात बारकाईने तपासली गेलेली गोष्ट मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांची. २५ ऑक्टोबर १९९४, बॉस्टनचं फॅन्युइल हॉल, सिनेटच्या निवडणुकीतली जाहीर वादसभा, समोर टेड केनेडी. केनेडी म्हणाले, मी ‘प्रो-चॉइस’ आहे आणि माझे प्रतिस्पर्धी ‘मल्टिपल चॉइस’. हशा झाला. त्यावर रॉम्नी यांनी जे सांगितलं ते ऐकून सभागृह गंभीर झालं असणार: बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या नात्यातली एक मुलगी बेकायदा गर्भपातात गेली, तेव्हापासून माझी आई आणि आमचं कुटुंब आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादायची नाही असं मानतो, आणि या बाबतीत मी डळमळताना तुम्हाला दिसणार नाही. २००२मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रचारातही त्यांनी तेच आश्वासन दिलं.

मग नोव्हेंबर २००४मध्ये हार्वर्डचे मूलपेशी संशोधक डग्लस मेल्टन त्यांना भेटायला आले. रॉम्नी यांच्या सांगण्यानुसार मेल्टन म्हणाले, यात नैतिक प्रश्न काही नाही, चौदा दिवसांनी आम्ही भ्रूण मारून टाकतो; आणि तिथेच आपले डोळे उघडले. मेल्टन यांनी असं काही बोलल्याचा साफ इन्कार केला. जुलै २००५मध्ये रॉम्नी यांनी तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला आणि वर्तमानपत्रात लेख लिहून आपली नवी भूमिका जाहीर केली. विधिमंडळाने तो नकाराधिकार फिरवला. २००८च्या उमेदवारीची तयारी तेव्हा सुरू झालेली होती.

नात्यातल्या मुलीचा मृत्यू ही घडलेली गोष्ट, आणि तिच्या बळावर घेतलेली भूमिका एका भेटीत उलटली. मला इथे खटकतं ते मत बदलणं नव्हे. तो मृत्यू पुढच्या भाषणांतून निघून गेला, हे खटकतं. जुन्या मताचं काय झालं, त्या मुलीसारख्या दुसऱ्या मुलींनी आता काय करायचं, याचा हिशेब ज्याच्या गोष्टीत नाही त्याची उपरती अर्धीच असते.

बायडेन यांना गोष्ट रचायला सवडच मिळाली नाही. गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरायला मनाई करणारी हाइड दुरुस्ती १९७६ची. बायडेन दशकानुदशकं तिच्या बाजूने. १९९४च्या एका पत्रात त्यांनी अशा खर्चाविरुद्ध आपण किमान पन्नास वेळा मत दिलंय असं अभिमानाने लिहिलं होतं. ५ जून २०१९ रोजी त्यांच्या प्रचार कार्यालयाने ही भूमिका कायम असल्याचं सांगितलं. पक्षात गदारोळ झाला. ६ जूनला अटलांटामध्ये ते म्हणाले, परिस्थिती बदलली आहे. आरोग्यसेवा हा हक्क मानायचा तर तो बाई कोणत्या पत्त्यावर राहते यावर ठरता कामा नये. युक्तिवाद वाईट नव्हता. अलाबामा आणि जॉर्जियाने नुकतेच कडक कायदे केले होते, म्हणजे परिस्थिती बदललीही होती. फक्त ती ५ तारखेलाही तशीच होती.

पण प्रामाणिकपणाच्या या सगळ्या मोजमापाला सुरुंग लावला तो डोनाल्ड ट्रम्प यांनी. ऑक्टोबर १९९९मध्ये टीव्हीवर त्यांनी आपण अगदी प्रो-चॉइस असल्याचं सांगितलं. २०११मध्ये ते प्रो-लाइफ झाले. मार्च २०१६मध्ये एका मुलाखतीत, बंदी आली तर गर्भपात करणाऱ्या बाईला काही ना काही शिक्षा हवी असं बोलून गेले आणि त्याच दिवशी शब्द मागे घेतले. या विषयाची मुळाक्षरंही त्यांना येत नाहीत हे गर्भपातविरोधी चळवळीतल्यांना दिसत होतं. त्यांनी ट्रम्प यांच्याकडे हृदयपरिवर्तन मागितलंच नाही, नावं मागितली. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठीच्या संभाव्य न्यायाधीशांची यादी जाहीर झाली. निवडून आल्यावर तीन जागा भरल्या गेल्या आणि २४ जून २०२२ला त्या तिघांच्या मतांच्या जोरावर ‘रो’ रद्द झाला.

आता मनापासून बदललेल्या रेगन यांच्याकडे पाहा. १९८१मध्ये त्यांनी सँड्रा डे ओ’कॉनर यांना नेमलं, १९८८मध्ये अँथनी केनेडी आले. १९९२मध्ये ‘रो’ बुडायच्या बेतात असताना तो वाचवणाऱ्या एकत्रित निकालपत्रावर तीन सह्या होत्या: ओ’कॉनर, केनेडी, आणि थोरल्या बुश यांनी नेमलेले डेव्हिड सूटर. ज्याच्या मनाबद्दल शंका नव्हती त्याने चळवळीला तीस वर्षं तिष्ठत ठेवलं. ज्याच्या मनात काय आहे याची कुणी चौकशीही केली नाही, त्याने काम करून दिलं. ‘प्रामाणिक आहे का’ हा प्रश्न कदाचित आपण चुकीच्या कारणासाठी विचारत आलोय.

‘रो’ गेल्यावर उतार बदलला आणि पाणी दुसरीकडे वळलं. राज्याराज्यांतल्या मतदानात बंदीवाले हरू लागले तसे रिपब्लिकनांचे शब्द मवाळ झाले. ९ एप्रिल २०२४ला (मायकल्स यांच्या भाषणाचीच तारीख, निव्वळ योगायोग) अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४चा, म्हणजे अ‍ॅरिझोना राज्य होण्याच्याही आधीचा, जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा लागू करता येईल असं ठरवलं. अमेरिकी सिनेटच्या रिपब्लिकन उमेदवार कॅरी लेक यांनी २०२२मध्ये ज्याची वाहवा केली होती तो हाच कायदा. निकाल येताच त्यांनी त्याला विरोध केला, आणि काही दिवसांतच तो अमलात येत नसल्याबद्दल हळहळही व्यक्त केली.

१ मेला अ‍ॅरिझोना राज्याच्या सिनेटने तो कायदा १६ विरुद्ध १४ मतांनी रद्द केला. डेमोक्रॅटांबरोबर दोन रिपब्लिकन गेले. त्यातल्या एक शॉना बॉलिक. त्यांचे पती त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आणि एप्रिलच्या निकालात बहुमताच्या बाजूचे. बॉलिक बराच वेळ बोलल्या, स्वतःची अवघड गेलेली तीन गरोदरपणं सांगितली. वर प्रेक्षकांतून आरडाओरडा होत होता. शेवटी त्या म्हणाल्या की जुना कायदा ठेवला तर मतदार नोव्हेंबरमध्ये त्याहून सैल तरतूद थेट राज्यघटनेत घालतील, म्हणून अधिक बाळं वाचवण्यासाठीच मी रद्द करण्याच्या बाजूने मत देते आहे.

नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सुमारे ६१ टक्क्यांनी ती तरतूद घातलीच. बॉलिकही निवडून आल्या.