शीतसहनशील भात

शीतसहनशील भात : समशीतोष्ण व उंच डोंगराळ प्रदेशांतल्या गारठ्यात तग धरून वेळेत पिकणारे भाताचे वाण. बहुतेक जपोनिका या समशीतोष्ण हवेत रुळलेल्या गटातले. उत्तर जपान, कोरिया, ईशान्य चीन, कॅलिफोर्निया, आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि हिमालयाच्या दऱ्यांत अशा वाणांवाचून भाताचा भरवसा नाही.

थंडीने रोपे पिवळी पडतात, निसवण (लोंबी बाहेर पडणे) लांबते. ते एक वेळ सावरता येते. खरा घात होतो तो पीक पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या वेष्टनात असताना. लोंबी बाहेर पडण्याच्या साधारण १०–१२ दिवस आधी परागकण घडत असतात. तेव्हा काही दिवस हवा १७–१९ अंश सेल्सिअसच्या खाली राहिली, तर परागकोशाचे पोषक अस्तर बिघडते आणि पराग वांझ निपजतात. वरून काहीच कळत नाही. पाने हिरवीगार असतात, पीकही निसवते. पुढे मात्र लोंबी दाण्यांच्या भाराने वाकत नाही, ताठच राहते. दाणा चिमटीत दाबला की नुसते टरफल.

होक्काइडो या जपानच्या उत्तरेकडील बेटावर १८७३ मध्ये नाकायामा क्यूझो या शेतकऱ्याने शिमामात्सु येथे ‘आकागे’ हे तांबूस कुसळांचे वाण पिकवून दाखवले. ओढ्याचे गार पाणी लांबच्या पाटांतून फिरवून, उन्हात कोमट करून तो खाचरात सोडी; न्हाणीचे ऊन पाणी ओतल्याचीही कथा सांगतात. तिथला उन्हाळा आखूड. दिवस लहान होण्याची वाट पाहत बसणारा भात हिमकणांच्या तावडीत सापडतो, म्हणून दिवसमानाला न जुमानणारे हळवे (लवकर पिकणारे) वाणच तिथे टिकले. संकरातून निघालेले ‘रिकुऊ १३२’ (१९२१) ईशान्य जपानात पसरले.

निवडीची रीत साधी पण निष्ठुर आहे. पोटरीतले पीक सुमारे १९ अंशांच्या वाहत्या, खोल पाण्यात ठेवतात आणि नंतर लोंबीतले पोचट दाणे मोजतात. गंमत अशी, की शेतात हेच खोल पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असल्याने कोवळ्या लोंबीला पांघरुणासारखे उपयोगी पडते.

उत्पन्नाच्या मागे लागून थंडीकडे काणाडोळा केल्याचे मोल दक्षिण कोरियाने मोजले. उष्ण प्रदेशातला इंडिका गट आणि जपोनिका यांच्या संकरातल्या ‘तोंगिल’ वाणांनी १९७०च्या दशकात भरघोस पीक दिले, पण १९८०च्या गार उन्हाळ्यात मोठा फटका बसला. तरी परक्या गटाशी संकर म्हणजे तोटाच, असे नाही : जपानी पैदासकारांनी सहनशीलतेची काही जनुके घेतली ती विषुववृत्तावरच्या सुमात्रातील ‘सिलेवाह’ या वाणातून.

चवीचा प्रश्न वेगळाच. ‘सासानिशिकी’ (१९६३) चवीला नावाजलेले, पण थंडीला नाजूक. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचे भाताचे पीक नेहमीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आले आणि परदेशातून तांदूळ आणावा लागला. त्यानंतर ईशान्य जपानातील मियागी प्रांताच्या शेतकऱ्यांनी सासानिशिकीची खाचरे झपाट्याने ‘हितोमेबोरे’कडे वळवली. ते थंडीला चिवट वाण दोनच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, त्याच प्रांतातल्या फुरुकावा केंद्रातून बाहेर पडले होते.